ढगाच्या वेळेवर लागलेलं लग्न

वेधशाळेत तिला सगळे शंकाबाई म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण इतक्या जवळून की तिला हमखास ऐकू जाई. तिला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. कुणी हौसेने नवा नकाशा दाखवायला आणला की ती चष्मा नाकावरून खाली ओढून तो निरखायची आणि म्हणायची, "छान आहे. पण खरा आहे का?" समोरच्याचं तोंड उतरायचं, तो परत जाऊन सगळं तपासायचा, आणि पुष्कळदा काहीतरी चुकलेलं सापडायचंही. तिचा नवरा दातांचा डॉक्टर होता. तो म्हणायचा, "लग्नाला होकार देतानासुद्धा हिनं मला विचारलं होतं, 'तुमची खात्री आहे ना?' मी हो म्हटलं, तर म्हणाली, 'कशावरून?'"

शंकाबाईचं काम तसं सांगायला सोपं होतं. आकाशात वायूचे आणि धुळीचे अवाढव्य ढग असतात. त्यांच्या पोटात तारे जन्मतात. एखादा तारा चांगला दणकट निघाला, तर जन्मल्या जन्मल्या तो असा काही प्रखर प्रकाश फेकतो की त्याच्या अवतीभवतीच्या वायूचे अणू फुटतात, वायू विजेने भारला जातो, आणि ताऱ्याभोवती त्या भारलेल्या वायूचा एक फुगा तयार होतो. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही, कारण मध्ये धूळ असते. पण त्या फुग्यातून रेडिओच्या लहरी निघतात आणि त्या धुळीला जुमानत नाहीत. त्या पकडायला वेधशाळेच्या माळावर रुळांवरून सरकणाऱ्या पांढऱ्या तबकड्या होत्या, आणि शंकाबाई वर्षानुवर्षं त्यांच्याकडून असे फुगे टिपून घेत होती.

तिचा एक आवडता फुगा होता. इतका लहान की इतर कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. तिने तो आठ वर्षांपूर्वी नीट मोजून ठेवला होता. फुगा म्हटल्यावर तो फुगणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. किती वेगाने फुगतो, एवढंच काय ते बघायचं होतं. आणि परवा नव्या नकाशात पाहिलं तर फुगा चक्क आकसला होता. अंधूकही झाला होता.

दुसरा कुणी असता तर नाचला असता. शंकाबाईने कपाळाला हात लावला. कारण त्यात एक मेख होती. तबकड्या लांब लांब पसरून ठेवल्या की चित्र रेखीव येतं, पण पसरट, फिकं तेज त्यात हरवून जातं. जवळ जवळ आणल्या की ते तेज दिसतं, पण रेखीवपणा जातो. तिचा जुना नकाशा एका मांडणीतला, नवा दुसऱ्याच मांडणीतला. म्हणजे फुगा खरंच आकसला, की तबकड्यांनीच त्याच्या कडा खाल्ल्या, हे देव जाणे. जुन्या मांडणीत तोच फुगा पुन्हा टिपणं हाच एक उपाय होता. तबकड्या तशा मांडल्या जाणार होत्या फक्त थोडे दिवस, आणि त्या दिवसांसाठी साऱ्या दुनियेतून अर्ज आलेले. शंकाबाईने अर्ज केला, वाट पाहिली, आणि तिला एक सकाळ मिळाली. शनिवारची.

त्याच शनिवारी सकाळी तिच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं.

ही बातमी घरी सांगायची तिची छाती होईना. म्हणून ती नवऱ्याच्या दवाखान्यात गेली. तिथे तो ओरडणार नाही अशी तिची अटकळ. तो खुर्चीतल्या एका गृहस्थाच्या दाढेत वाकून काहीतरी कोरत होता. शंकाबाई शेजारच्या स्टुलावर बसली.

"वेळ मिळाली," ती म्हणाली.

"वा! कधीची?" त्याने मान वर न करता विचारलं.

"शनिवारची."

"कुठल्या शनिवारची?"

शंकाबाईने चष्मा काढून पुसायला घेतला. डॉक्टरांचा हात थांबला. खुर्चीतल्या गृहस्थाच्या तोंडात कापसाचे बोळे होते, तरीही त्यांनी डोळे मोठे करून "आँ?" असा आवाज काढला.

"त्याच?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्याच. सकाळी."

"बदलून मिळणार नाही?"

"मिळेल. पण मग तबकड्या हलतील. पुन्हा तशा मांडल्या जातील त्याला दीड वर्ष लागेल. तोवर कुणी दुसरा..."

"म्हणजे लग्न हलू शकतं," डॉक्टर म्हणाले, "तुझा ढग नाही."

"ढग नाही तो. फुगा."

गृहस्थ पुन्हा काहीतरी म्हणाले. बोळे काढल्यावर कळलं की ते म्हणत होते, "पोरीला विचारा आधी." डॉक्टरांनी त्यांचे आभार मानले आणि बोळे परत कोंबले.

लेक पोहायला शिकवायची. दिवसभर पाण्याच्या काठावर उभं राहून लहान मुलांवर ओरडल्यामुळे तिचा आवाज घरातही तिथल्याइतकाच असायचा. आईने चाचरत चाचरत सगळं सांगितलं. शंकाबाईला वाटलं आता रडारड होणार. लेक हसत सुटली.

"आई, तू रजिस्टरवर सही करायला आलीस, तरी तुझं सगळं लक्ष घड्याळात असणार. मला माहीत नाही का? त्यापेक्षा आम्हीच येतो तुझ्याकडे. वेधशाळेच्या पाहुण्यांच्या दालनात करू लग्न. सह्या करायला किती वेळ लागतो? तू मधल्या मधे ये, आशीर्वाद दे, परत पळ."

"आणि तुझ्या सासूबाई?"

इथे मात्र लेकीचा आवाज जरा खाली आला. "त्यांना तू सांग," ती म्हणाली.

विहीणबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. त्यांनी उभं आयुष्य आकाशवाणी केंद्रावर निवेदन करण्यात घालवलं होतं. त्यांचा आवाज असा, की त्यांनी "मीठ द्या" म्हटलं तरी पुढे महत्त्वाची बातमी येणार असं वाटावं. निवृत्त होऊनही ती सवय सुटली नव्हती. पहिल्या भेटीत त्यांनी शंकाबाईचे दोन्ही हात हातात घेऊन म्हटलं होतं, "म्हणजे विहीणबाई, आपण दोघी रेडिओतल्याच की! आम्ही बोलायचो, तुम्ही ऐकता." त्यावर शंकाबाईने अगदी सरळपणे उत्तर दिलं होतं, "हो. पण तुमच्या प्रक्षेपणाचा आम्हाला फार उपद्रव व्हायचा." टेबलाखालून डॉक्टरांची लाथ तिच्या नडगीला बसली ती तेव्हाच.

आता शंकाबाई त्यांच्या बैठकीत सोफ्याच्या अगदी कडेवर बसली होती. वेधशाळेत लग्न म्हटल्यावर विहीणबाईंचा चेहरा उजळला. त्या पांढऱ्या तबकड्या, तो मोकळा माळ. फोटो काय सुंदर येतील!

"फोटोचंच जरा..." शंकाबाई म्हणाली. "मोबाइल आत नेता येणार नाहीत."

"बंद ठेवू."

"बंदही नाही चालणार. लोक बंद म्हणतात आणि खिशात सुरू असतो. फाटकावर पत्र्याची पेटी असेल, त्यात ठेवावे लागतील. बिनतारी काहीच नको. घड्याळं, कानातली ती बोंडं, काहीच नाही. स्पीकर नको."

"स्पीकर नको," विहीणबाई सावकाश म्हणाल्या.

"माइकपण नको. म्हणजे बिनतारी माइक तर मुळीच नको."

भिंतीवर विहीणबाईंचा तरुणपणीचा फोटो होता, ताटलीएवढ्या माइकसमोर बसलेला. त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाचं लग्न, आणि मी माइकशिवाय बोलायचं. हे म्हणजे तुमच्या नवऱ्यानं दात न बघता जबडा ओळखायचा." मग खो खो हसल्या. "तो तुमचा ढग एवढा नाजूक आहे का हो?"

"फुगा," शंकाबाई सवयीने म्हणाली. "त्याच्याकडून येणारी लहर फार क्षीण असते. आपल्या कानाशी कुणी ढोल बडवत असेल आणि पलीकडच्या गल्लीतल्या म्हातारीची कुजबुज ऐकायची असेल, तर कसं होईल? तसं."

"आणि तो ढोल म्हणजे मी."

"नाही, म्हणजे तुम्ही असं नाही..."

"बरं बरं," विहीणबाई म्हणाल्या. "येतो आम्ही. मुके होऊन येतो. एखादा माइक पदराआड लपवून आणला तर रागावू नका."

तो विनोद होता. पण शंकाबाईच्या डोक्यात विनोद नेहमी जरा उशिरा पोचायचा, आणि कधी कधी वाटेत त्याची शंका व्हायची.

शनिवारी सकाळी फाटकावर पाहुण्यांचे फोन गोळा करायला जो माणूस उभा होता त्याला वेधशाळेत हुंगेराव म्हणत. माळावर कुठेही चोरटी लहर उठली की ती शोधून काढणं हे त्याचं काम. एका हाताने धरायचा अँटेना घेऊन तो हुंगत हुंगत जायचा आणि बरोबर जागी जाऊन थांबायचा. माणूस अतिशय मऊ बोलायचा, त्यामुळे लोकांना जास्तच धास्ती वाटायची.

पाहुण्यांनी फोन दिले खरे, पण त्यांचे हात काही केल्या ऐकेनात. नवऱ्यामुलाचे काका दर थोड्या वेळाने छातीवरचा खिसा चाचपत आणि दचकत. दोन चुलत बहिणी समोरासमोर बसून बराच वेळ नुसत्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली ती थांबवता थांबेना. मामांनी आपल्या वडिलांचा रीळ घालायचा जुना कॅमेरा आणला होता आणि प्रत्येक फोटोआधी ते इतका विचार करत की लोकांचे हसून हसून गाल दुखायला लागले. दालनाच्या खिडक्यांतून तबकड्या दिसत होत्या. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, आकाशातल्या एकाच बिंदूकडे. दिवसाउजेडी काय बघतात त्या, असं कुणीतरी विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, "त्यांना रात्र-दिवस सारखेच. माझ्या बायकोसारखंच."

शंकाबाई नियंत्रणकक्षात होती. ठेवणीतले कपडे, त्यावर थंडीसाठी जुना स्वेटर. पडद्यावर हिरव्या रेषा शांतपणे सरकत होत्या. मधूनमधून तबकड्या फुग्यावरून वळून आकाशातल्या एका ठरावीक, स्थिर स्रोताकडे बघत, सगळं ठाकठीक आहे ना याची खूण पटवून घेत आणि परत वळत. सगळं उत्तम चाललं होतं. इतकं उत्तम की तिला त्याचीच शंका यायला लागली.

"जा आता," कक्षातला सहकारी म्हणाला. "नोंदणी अधिकारी आलेत. मी बघतो इथलं."

ती धावत दालनात पोचली. लेक तिच्याकडे बघून हसली आणि स्वेटरकडे बोट दाखवलं. शंकाबाईने तो घाईघाईने काढला, काय करावं ते न सुचून शेजारी बसलेल्या विहीणबाईंच्या खुर्चीवर टाकला, आणि आपली पर्सही त्यांच्या मांडीवर ठेवली. "जरा धरता?" विहीणबाईंनी दोन्ही सांभाळलं. लेकीने सही केली. जावयाने केली, घाबरून इतकी लहान केली की अधिकाऱ्यांना भिंग लागलं असतं. मग साक्षीदार म्हणून शंकाबाई सहीला वाकली.

तेवढ्यात दालनाच्या दारात हुंगेराव उभा राहिला.

"बाई," तो हळूच म्हणाला, "कुणीतरी बोलतंय."

शंकाबाईच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "कुठून?"

"इथूनच. थोड्या वेळापूर्वी सुरू झालं. थांबून थांबून येतंय."

हुंगेराव अँटेना हलवत खुर्च्यांच्या रांगांतून निघाला. काकांनी नकळत खिसा चाचपला आणि त्यांच्या बायकोने डोळे वटारले. हुंगेराव त्यांना ओलांडून गेला. मामांच्या कॅमेऱ्यापाशी थांबला, मान हलवली, पुढे झाला. पहिल्या रांगेत आला. आणि विहीणबाईंच्या समोर येऊन उभा राहिला. अँटेना सरळ त्यांच्या मांडीकडे.

शंकाबाईच्या मनात त्या क्षणी काय काय येऊन गेलं! दीड वर्ष. आकसलेला फुगा. आणि तो पदराआडचा माइक.

"विहीणबाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, "आणलातच ना तुम्ही माइक?"

लेकीच्या तोंडून "आई!" एवढंच बाहेर पडलं.

विहीणबाईंचा चेहरा पांढराफटक झाला. त्यांनी शंकाबाईची पर्स आणि स्वेटर शेजारच्या टेबलावर ठेवला, पायापाशी ठेवलेली स्वतःची पिशवी उचलली, आणि तीही त्याच टेबलावर उपडी केली. रुमाल, गोळ्यांचं पाकीट, कंगवा, आणि खणकन आवाज करत एक माइक.

"आणलाय," त्या म्हणाल्या. "निवृत्त झाले तेव्हा केंद्रावरच्या लोकांनी दिला. याच्या आत काही नाही. तार कापलेली आहे, हे बघा. हातात काही धरलं नाही तर मला बोलता येत नाही हो. सवय. नुसता धरून चार शब्द बोलणार होते." त्यांचा एवढा कमावलेला आवाज शेवटच्या शब्दाला चिरकला.

हुंगेरावाने अँटेना माइकपाशी नेला. काही नाही. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला, आणि त्याचा चेहरा अतिशय दुःखी झाला.

"बाई," तो म्हणाला, "हे तुमच्या पर्समधून येतंय."

"माझ्या?" शंकाबाई म्हणाली. "माझ्या पर्समध्ये काय असणार? चष्म्याचं घर आहे."

हुंगेरावाने चष्म्याचं घर उघडलं. आतल्या मखमलीचा एक कोपरा कुणीतरी सुबकपणे उचलून परत चिकटवलेला होता. त्याच्याखालून बटणाएवढी एक पांढरी टिकली निघाली. हरवलेली वस्तू फोनवरून शोधता यावी म्हणून मिळते तसली.

दालनातल्या सगळ्या माना हळूहळू एका दिशेला वळल्या. दातांचे डॉक्टर मागच्या भिंतीत शिरायचा प्रयत्न करत होते.

"तू रोज चष्मा हरवतेस," ते म्हणाले. "रोज सकाळी अर्धं घर उलथंपालथं होतं. मी म्हटलं, गुपचूप बसवून टाकावी. महिनाभर बघ, मी फोनवरून शोधून देतो, तुला किती पटकन सापडतोय. तुला वाटलं, तुझी सुधारणा झाली."

"पण एवढ्या दिवसांत ती कधी पकडली कशी गेली नाही?" शंकाबाईने विचारलं. अशा वेळीही तिला हाच प्रश्न पडला.

"तुम्ही कामाला येताना पर्स फाटकावरच्या कपाटात ठेवता ना, बाई," हुंगेराव म्हणाला. "ते कपाट जाड पत्र्याचं आहे. आज लग्न म्हणून आत आणलीत, पण नियंत्रणकक्षाच्या भिंतींतही पत्रा आहे, त्यामुळे दालनात आल्यावरच कळलं. आणि या टिकलीचं असं आहे, की मालकाचा फोन जवळ असला तर ती निवांत असते. तो दूर गेला, की हाका मारायला लागते. आज साहेबांचा फोन आपणच पेटीत कुलूपबंद केला."

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. बहुधा लेक. मग काका हसले, मामा हसले, नोंदणी अधिकाऱ्यांनी तोंडावर कागद धरला. हसू दालनभर पसरलं. हुंगेरावाने टिकलीची बॅटरी काढून खिशात टाकली आणि आला तसा निघून गेला.

दोघीजणी मात्र हसत नव्हत्या. विहीणबाई वस्तू एक एक करून पिशवीत भरत होत्या. माइक शेवटी उचलला आणि पुसला, जणू त्याला काही लागलं असावं.

शंकाबाई जन्मभर यंत्रांची माफी मागत आली होती. एखाद्या तबकडीवर उगाच संशय घेतला असं कळलं की ती तिच्या पायावर हात फिरवून यायची, असं लोक सांगत. माणसांच्या बाबतीत तिला ते जमत नसे. ती खुर्ची ओढून विहीणबाईंच्या समोर बसली.

"मी सगळ्यांवर शंका घेतली," ती म्हणाली. "फोनवर घेतली, कॅमेऱ्यावर घेतली, तुमच्यावर घेतली. स्वतःच्या पर्सवर नाही घेतली. मी मूर्ख आहे."

"कशावरून?" विहीणबाईंनी विचारलं.

शंकाबाई दचकली. विहीणबाईंचा चेहरा गंभीर होता, पण डोळ्यांच्या कडेला काहीतरी हलत होतं.

"पुरावा आहे ना," शंकाबाई म्हणाली. "एवढ्या साक्षीदारांसमोर सापडला. विहीणबाई, मला क्षमा करा. आणि बोला तुम्ही. त्यासाठी आला आहात. मला ऐकायचंय."

"माझ्या बोलण्यानं तुमचा फुगा फुटणार नाही ना?"

"आवाजाचं त्याला काही नाही. तुम्ही वाटेल तेवढं ओरडा."

त्यांनी पहिल्यांदाच 'फुगा' म्हटलं होतं. शंकाबाईच्या ते लक्षात आलं आणि तिला उगीचच भरून आलं.

विहीणबाई उठल्या. तार कापलेला माइक तोंडासमोर धरला, आणि बोलल्या. काही मोठं नाही. मुलगा लहानपणी रेडिओच्या मागे जाऊन आई आत कुठे बसली आहे ते शोधायचा, आणि न सापडल्यावर त्याच्या पाठीमागच्या खाचेतून तिला खाऊ द्यायचा, एवढंच. पण तो आवाज कशाच्याही मदतीशिवाय दालनाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि फोन नसल्यामुळे तो कुणी टिपत बसलं नाही, सगळ्यांनी तो ऐकला. जावयाने डोळे पुसले. शंकाबाईने शेवटपर्यंत ऐकलं, मग पडद्यावर काय चाललंय ते आठवून ती सही करून पळाली. स्वेटर तिथेच राहिला.

टिकलीने नासवलेला भाग फार मोठा नव्हता. तो कापून टाकल्यावर उरलेलं सगळं स्वच्छ होतं. शंकाबाईने त्यातून नकाशा काढला, जुन्या नकाशाशेजारी ठेवला. तीच मांडणी, तेच आकाश. फुगा आकसलेलाच होता.

ती तरीही स्वस्थ बसली नाही. तिने सगळं दोनदा नव्याने केलं, सहकाऱ्याला वेगळं करायला लावलं, शेजारच्या दुसऱ्या फुग्यांची मापं काढली. ते होते तसेच होते. आकसला होता तो हाच. शेवटी शंका घ्यायला जागाच उरली नाही, तेव्हा तिला जरा पोरकं वाटलं.

पुढे एका रविवारी जेवायला सगळे विहीणबाईंकडे जमले होते. तिथे तिने कारण समजावून सांगितलं. तारा जन्मला असला तरी अजून खातोय. भोवतीचा वायू त्याच्याकडे ओढला जातोय. मधेच कधी वायूचा मोठा लोट आत कोसळला, की ताऱ्याचा प्रकाश तिथल्या तिथेच कोंडतो, बाहेरच्या वायूपर्यंत पोचत नाही. मग बाहेरचे फुटलेले अणू परत जुळतात, भारलेपणा उतरतो, फुगा आकसतो. लोट ओसरला की पुन्हा फुगेल. "म्हणजे हे फुगे नुसते वाढत नाहीत," ती म्हणाली. "लुकलुकतात. कदाचित. असं म्हणायला वाव असावा असं वाटतं."

"तुमच्या त्या शास्त्रज्ञांच्या परिषदेत असंच सांगणार आहात?" विहीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"तुम्ही बातमी सांगताय की चोरी कबूल करताय, तेच कळेना. उभ्या राहा बरं."

जेवण तसंच टाकून विहीणबाईंनी तिला बैठकीत उभं केलं. डॉक्टर, लेक आणि जावई सोफ्यावर प्रेक्षक म्हणून बसले. "कदाचित" काढलं. "वाटतं" काढलं. "वाव असावा" काढताना शंकाबाईने फार झोंबाझोंबी केली. विज्ञानात असं बोलता येत नाही म्हणाली.

"खात्री आहे ना?"

"आकसला याची आहे. कारणाची इतकी नाही."

"मग आकसला हे खणखणीत सांगा, आणि कारण नक्की माहीत नाही हे त्याहून खणखणीत सांगा. पुटपुटल्यानं खोटं खरं होत नाही, आणि खरं अजून खरं होत नाही. श्वास पोटातून घ्या. पोटातून! तिथं नाही, ते काळीज आहे."

परिषदेत शंकाबाई पोटातून बोलली. "हा फुगा आठ वर्षांत लहान झाला आहे," तिने म्हटलं आणि थांबली, विहीणबाईंनी जिथे थांबायला सांगितलं होतं तिथे. शेवटच्या रांगेतल्या एका माणसाने कान टवकारलेले तिला दिसले. प्रश्न पुष्कळ आले, काही बोचरेही आले. काहींची उत्तरं तिने दिली, काहींना "माहीत नाही" म्हणाली, तेही ऐकू जाईल असं.

काही आठवड्यांनी, दुपारी, दुसऱ्या एका वेधशाळेतून तिला निरोप आला. शेवटच्या रांगेतल्या त्या माणसाने घरी जाऊन आपले जुने नकाशे बाहेर काढले होते. त्यालाही एक सापडला होता, आकसलेला. तो इतकी वर्षं यंत्राची चूक समजून बाजूला ठेवलेला.

शंकाबाई वेधशाळेबाहेर फाटकापर्यंत चालत गेली, पेटीतून फोन घेतला आणि पलीकडच्या रस्त्यावर उभं राहून विहीणबाईंना लावला. त्या झोपल्या होत्या. उचलला तेव्हा आवाज जाड आणि घाबरलेला होता.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही. अजून एक आकसला."

"अभिनंदन," विहीणबाई म्हणाल्या, बातम्यांच्या आवाजात. "आता मी झोपू का?"

"झोपा."

पण दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही. मग विहीणबाईंनी उशी सारखी केल्याचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "बरं, सांगा. हा कुठला? मोठा आहे का?"

शंकाबाई रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली आणि सांगू लागली.